पहिल्या संकलनासाठी सॉफ्टवेअर निवडताना

माशेल, गोवा
आषाढ वद्य पंचमी

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र चिखलकाल्याच्या आदल्या दिवशी हाती पडले. एकादशीचे भजन, दुसऱ्या दिवशीचा चिखलकालो आणि त्यानंतर घरी आलेले पाहुणे यांत आठवडा निघून गेला, म्हणून उत्तराला उशीर झाला. तुमच्या कालोत्सवातले संगीत नाटक दोन मोबाइलवर संपूर्ण चित्रित झाले आहे, पण कित्येक महिने ते फोनमध्येच पडून आहे, आणि वर्षानुवर्षे मुख्य भूमिका करणारे तुझे काका यंदा रंगमंचावर उभे राहतील की नाही याची घरात कोणालाच खात्री नाही, हे वाचून मी पत्र लगेच बाजूला ठेवू शकलो नाही. ती फीत नीट जोडून, पाहण्याजोगी होऊन घरोघरी पोचायलाच हवी. तू विचारले आहेस की, पैसे न घालता, संकलनाचा, म्हणजे चित्रणाचे तुकडे कापून जोडण्याचा, काहीही अनुभव नसताना, कोणते सॉफ्टवेअर घ्यावे. त्याविषयी मला जे खात्रीने ठाऊक आहे ते सविस्तर लिहितो.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण ती मला फार उशिरा कळली. ‘मोफत’ या एकाच शब्दाखाली आपण निरनिराळ्या गोष्टी घालतो. काही सॉफ्टवेअर मुक्त असते, म्हणजे त्याचा मूळ कोड सर्वांसाठी खुला असतो आणि ते वापरण्याचा, वाटण्याचा हक्क परवान्यानेच दिलेला असतो. काही सॉफ्टवेअर एखाद्या कंपनीचे असते आणि तिने त्याची एक आवृत्ती फुकट ठेवलेली असते. ती किती काळ आणि कोणत्या मर्यादांसह ठेवायची हे त्या कंपनीच्या हाती असते. काही फक्त चाचणीपुरते फुकट असते. आणि तुझ्या ओळखीचा मुलगा पेनड्राइव्हवर आणून देतो म्हणाला आहे ते महागडे सॉफ्टवेअर यांपैकी कशातच बसत नाही. ती सरळ चोरी आहे. शिवाय अशा प्रतींबरोबर संगणकात आणखी काय शिरेल याचा भरवसा नसतो, आणि ज्या संगणकावर घरचे फोटो व बँकेचे व्यवहार आहेत त्यात ती घालू नये, असे मी तुला कळकळीने सांगतो.

चाचणीपुरत्या फुकट सॉफ्टवेअरचा फटका मी स्वतः खाल्ला आहे. तीन वर्षांपूर्वी देवळातल्या भजनाचे चित्रण मी अशाच एका सॉफ्टवेअरमध्ये जोडले. रात्री जागून पंधरा दिवस काम केले, आणि शेवटी फाइल बाहेर काढली तेव्हा संपूर्ण चित्रावर, अगदी बुवांच्या चेहऱ्यावरसुद्धा, त्या सॉफ्टवेअरचे नाव आडवे उमटलेले होते. ते काढायचे तर पैसे भरा, ही सूचना शेवटच्या पायरीवर आली. प्रकल्पाची फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडेना, त्यामुळे सारे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागले. म्हणून कोणतेही सॉफ्टवेअर उतरवून घेतलेस तरी पहिल्याच दिवशी अर्ध्या मिनिटाची फीत जोडून ती शेवटपर्यंत बाहेर काढून पाहा. चित्रावर शिक्का येतो का आणि आकारमान घटते का, हे तिथेच कळते. लाइटवर्क्सच्या फुकट आवृत्तीचे उदाहरण घे. हे चित्रपटांच्या संकलनासाठी वापरले गेलेले नामांकित सॉफ्टवेअर आहे, पण त्याच्या फुकट आवृत्तीतून ७२० पिक्सेल उंचीपेक्षा मोठे चित्र बाहेर काढता येत नाही. तुमचे चित्रण १०८० चे आहे, म्हणजे ते तुझ्या कामाचे नाही.

तू ज्याची सर्वत्र स्तुती ऐकलीस ते डाविंची रिझॉल्व्ह खरोखरच त्या स्तुतीला पात्र आहे. ब्लॅकमॅजिक डिझाइन या ऑस्ट्रेलियन कंपनीने २००९ मध्ये मूळ डाविंची सिस्टिम्स ही कंपनी विकत घेतली आणि पुढे रिझॉल्व्हची एक आवृत्ती फुकट दिली. त्या फुकट आवृत्तीत ३८४० गुणिले २१६० पिक्सेलपर्यंतचे चित्र, सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत (फ्रेम म्हणजे चित्रणातले एक स्थिर चित्र), कोणत्याही शिक्क्याविना बाहेर काढता येते. रंगसंस्कारासाठी, म्हणजे चित्राचे रंग सुधारण्यासाठी, तर मोठमोठे संकलक तेच वापरतात. पण मित्रा, ते संगणकाच्या ग्राफिक्स कार्डावर फार अवलंबून असते, आणि तुझा संगणक पाच वर्षांचा, ८ जीबी रॅमचा आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेला आहे. १६ जीबी रॅम आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड असल्याशिवाय त्यावर तीन तासांचे नाटक हाताळण्याच्या फंदात पडू नये, असे माझे मत आहे. आवाजातला गोंगाट काढून बोलणे वेगळे करणे किंवा चित्रातला दाणेदारपणा घालवणे या ज्या सोयींसाठी लोक त्याचे नाव घेतात, त्यांतल्या बऱ्याचशा सशुल्क आवृत्तीतच आहेत, आणि त्या फुकट आवृत्तीत लावून पाहिल्या तर तिथेही चित्रावर शिक्का उमटतो. उद्या तू नवा संगणक घेतलास तर मीच तुला रिझॉल्व्ह शिकायला सांगेन. आज नाही.

ॲपलचे आयमूव्ही चांगले आहे, पण ते तुझ्या विंडोजच्या संगणकावर चालत नाही. विंडोज ११ मध्ये येणारे क्लिपचॅम्प हे मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये विकत घेतले. वाढदिवसाची पाच मिनिटांची फीत करायला ते पुरेसे आहे, पण तीन अंकी नाटकासाठी मला ते अपुरे वाटते.

उरतात ती मुक्त सॉफ्टवेअर, आणि त्यांतली दोन मी मनापासून सुचवतो: शॉटकट आणि केडेनलाइव्ह. दोन्ही विंडोजवर चालतात, दोन्हींत शिक्का नाही, मुदत नाही, खाते उघडण्याची अट नाही. दोन्ही आतून एमएलटी या एकाच मुक्त चौकटीवर उभी आहेत, त्यामुळे फरक मुख्यतः मांडणीचा आणि सोयींचा आहे. शॉटकट साधे आहे. एका कॅमेऱ्याचे चित्रण कापायचे, जोडायचे, नावे घालायची, एवढेच काम असते तर मी डोळे मिटून तेच सांगितले असते. पण तुझ्याकडे दोन मोबाइलचे चित्रण आहे, शेकडो तुकडे निघणार आहेत, ते प्रवेशवार वेगवेगळ्या फोल्डरांत ठेवावे लागणार आहेत. अशा कामाला केडेनलाइव्हची मांडणी अधिक सोयीची पडते. २००२ च्या सुमारास सुरू झालेला आणि आता केडीई या मुक्त सॉफ्टवेअरच्या समुदायाचा भाग असलेला हा प्रकल्प आजही जिवंत आहे. तू केडेनलाइव्हच घे.

त्यातल्या दोन सोयींसाठी मी एवढा आग्रह धरतो. पहिली प्रॉक्सीची. मूळ जड चित्रणाची एक छोटी, हलकी प्रत सॉफ्टवेअर स्वतःच तयार करते; तू काम त्या प्रतीवर करतोस आणि शेवटची फीत मात्र मूळ चित्रणातूनच निघते. तुझ्या संगणकावर चित्र अडखळत पुढे सरकू लागले की संकलनाचा कंटाळा येईल, आणि कंटाळा आला की काकांचे नाटक पुन्हा फोनमध्येच राहील. त्यामुळे प्रॉक्सी पहिल्या दिवसापासून चालू ठेव.

दुसरी सोय म्हणजे दोन चित्रणे आवाजावरून जुळवणे. एका फितीचा आवाज आधार म्हणून निवडायचा आणि दुसरी त्याच्याशी जुळवायला सांगायचे, की सॉफ्टवेअर दोन्ही ध्वनिरेषा तपासून तुकडा योग्य जागी सरकवते. ते साधले नाही तरी घाबरू नकोस, कारण आपल्या नाटकांना तिसरी घंटा असते! टाइमलाइनवर, म्हणजे तुकडे ओळीने मांडतो त्या पट्टीवर, त्या घंटेचा ठोका उंच सुळक्यासारखा दिसतो. दोन्ही फितींतले सुळके एकाखाली एक आणलेस की पडदा उघडण्याच्या क्षणापासून दोन्ही चित्रणे जुळलीच. चित्रपटवाले पाटी आपटून जे साधतात तेच तुमच्या घंटेने आधीच करून ठेवले आहे.

इथे मोबाइलच्या चित्रणातली एक अडचण सांगायलाच हवी, कारण नवा माणूस हमखास तिथे अडतो आणि सॉफ्टवेअरला दोष देऊन मोकळा होतो. मोबाइल सेकंदाला ३० फ्रेम घेतो असे आपण धरून चालतो, पण प्रकाश कमी झाला की बरेच फोन फ्रेम कमी घेऊ लागतात. म्हणजे चित्रणाचा वेग स्थिर राहत नाही. नाटकात तर रंगमंचावरचा प्रकाश दर प्रवेशाला बदलतो. संकलनाचे सॉफ्टवेअर वेग स्थिर आहे असे मानून चालते, आणि मग सुरुवातीला अगदी जुळलेले ओठ आणि शब्द अंकाच्या अखेरीस एकमेकांपासून दूर जातात. यावर उपाय असा की, चित्रण आत घेण्याआधी ते स्थिर वेगाच्या फाइलमध्ये बदलून घ्यावे. केडेनलाइव्ह अशी फाइल ओळखून बदलायची का असे विचारते, तेव्हा हो म्हण. नाहीतर हँडब्रेक या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये स्थिर फ्रेमवेगाचा पर्याय निवडून हे काम रात्रभर लावून ठेव. जाता जाता पुढच्या वर्षासाठी एक सूचना: आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे काही दिव्यांखाली ३० फ्रेमच्या चित्रणात लुकलुक किंवा पट्टे दिसतात, फोनमध्ये २५ फ्रेमचा पर्याय असेल तर तो वापर.

आता मराठी अक्षरांविषयी. पात्रपरिचय आणि श्रेयनामावली देवनागरीत हवी, आणि तिथे कित्येक सॉफ्टवेअर नापास होतात. वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षरे फुटून हलन्ताचे पाय लटकू लागतात. कोणत्याही सॉफ्टवेअरची परीक्षा घ्यायची तर ‘श्री’, ‘दुसऱ्या’, ‘त्र्यंबक’ आणि ‘दिग्दर्शक’ एवढे चार शब्द लिहून पाहा. केडेनलाइव्ह आणि शॉटकट या दोन्हींत माझी जोडाक्षरे शाबूत राहिली आहेत. मात्र मजकूर युनिकोडमध्येच टंकलेला हवा. उत्सवाच्या पत्रिकेचा मजकूर छापखान्यातून जुन्या फाँटमध्ये मिळाला असेल तर तो तसाच चिकटवू नकोस, नावे पुन्हा टंक. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ हा फाँट विनामूल्य मिळतो आणि लहान आकारातही स्वच्छ वाचता येतो. कलाकारांची नावे चुकता कामा नयेत. ऑर्गन आणि तबला वाजवणाऱ्यांची, रंगभूषा करणाऱ्यांची, पडदा ओढणाऱ्या मुलाचीही नावे घाल.

जागेचा हिशेब आधीच कर. १०८० चे चित्रण फोनवर मिनिटाला साधारण १३० एमबी घेते, म्हणजे तीन तासांच्या नाटकाचे दोन फोनवरचे चित्रण ४७ जीबीच्या आसपास जाईल. त्यात प्रॉक्सी आणि बदललेल्या फाइली धरल्या तर दुपटीहून अधिक जागा मोकळी हवी. सर्व चित्रण एकाच फोल्डरमध्ये ठेव आणि काम सुरू झाल्यावर त्याची जागा किंवा नाव बदलू नकोस. प्रकल्पाच्या फाइलीत चित्रण नसते, ते कुठे ठेवले आहे याची केवळ नोंद असते, त्यामुळे फोल्डर हलवला की टाइमलाइन रिकामी दिसते आणि नव्या माणसाच्या काळजाचा ठोका चुकतो. मूळ चित्रणाची एक प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर असल्याशिवाय फोनमधले काहीही पुसायचे नाही, एवढे मला वचन दे. पावसात वीज जाते, म्हणून दर थोड्या वेळाने काम जतन करण्याची सवयही लावून घे.

सुरुवात कुठून करायची? पहिल्या अंकापासून नको. काकांचे जे पद तुम्हा सर्वांना पाठ आहे, त्यातली तीन मिनिटे घे. त्यात अंधार-उजेड आहे, साथीचा आवाज आहे, दोन्ही फोनचे चित्र आहे. म्हणजे सगळ्या अडचणी तीन मिनिटांतच तुझ्यापुढे येतील. ती जुळव, दूरचे आणि जवळचे दृश्य आलटून पालटून लाव, पण ध्वनी मात्र एकाच फोनचा, ज्यावर शब्द स्पष्ट आहेत त्याचाच, अखंड ठेव. चित्र बदलताना आवाज बदलला की पद तुटल्यासारखे वाटते. मग शेवटी एक नाव घालून फीत बाहेर काढ. हे दोन संध्याकाळींत झाले तर सॉफ्टवेअर तुला मानवले असे समज. नाही झाले, तर शॉटकटमध्ये हीच तीन मिनिटे करून पाहा आणि जे हाताला बसेल ते ठेव. माझ्या शिफारशीपेक्षा तुझ्या हाताचे मत मोठे.

संपूर्ण नाटक बाहेर काढताना १०८० साठी सेकंदाला ८ मेगाबिट एवढा दर पुरेसा आहे. यूट्यूबही ३० फ्रेमच्या १०८० चित्रणासाठी तोच सुचवते. त्या दराने तीन तासांची फाइल सुमारे ११ जीबीची होईल. बहुतेक जुने पेनड्राइव्ह एफएटी-३२ पद्धतीचे असतात आणि त्यांवर ४ जीबीहून मोठी एक फाइल मावतच नाही. म्हणून अंकवार तीन फाइली कर. लांबलेला अंक असेल तर तो मध्येच एखाद्या प्रवेशाच्या शेवटी तोड. वाडीतल्या म्हाताऱ्या मंडळींना टीव्हीला पेनड्राइव्ह लावून पाहायलाही ते सोपे जाईल.

पुढच्या रविवारी मला फोंड्याला यायचेच आहे. तिथून संध्याकाळपर्यंत तुझ्याकडे पोचेन. माझी हार्डडिस्क बरोबर आणतो. तू तोवर दोन्ही फोनमधले चित्रण संगणकावर उतरवून ठेव आणि केडेनलाइव्ह त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घेऊन बसव. त्या तीन मिनिटांसाठी पद कोणते घ्यायचे हे मात्र काकांनाच विचार. काकूंना आणि वहिनींना माझा नमस्कार सांग.

तुझा मित्र