चावी कुणाकडे ठेवलीस?

प्रिय बाळा,

काल फोन ठेवताना तू म्हणालास "आई, बरा आहे ना आता मी, झालं, विषय संपला" आणि मी पण हो म्हटलं, पण माझा काही संपला नाही म्हणून लिहायला बसलेय. फोनवर मी बोलायला लागले की तू "हो गं, हो गं" सुरू करतोस आणि माझं निम्मं तसंच राहतं. लिहिलेलं तू वाचतोस, निदान बसमध्ये तरी.

आधी एक सांगते, मी रागावलेली नाहीये. तुला एवढा ताप आला हे तू ताईला सांगितलंस आणि आम्हाला नाही याचं बाबांना लागलंय पण ते कुठे बोलून दाखवतायत, त्यांचं आपलं एकच चाललंय की सांगितलं असतं तरी आपण इथून काय करणार होतो. पेपर वाचताना तेच, झोपताना तेच. आणि तू ताईला म्हणे हसत हसत सांगितलंस, पाण्याची बाटली भरायला भिंत धरत धरत गेलो म्हणून. ती नाही हसली रे. तिने फोन ठेवला आणि सरळ मला लावला.

ताप कुणालाही येतो, येतो आणि जातो. माझ्या डोक्यात अडकलंय ते वेगळंच. एवढ्या मोठ्या शहरात, त्या इमारतीत, तू आत पडला आहेस हे बाहेर एकालाही माहीत नव्हतं. ऑफिसात वाटलं सुट्टी टाकली असेल, आम्हाला वाटलं कामात असेल. आणि दार आतून बंद, चावी तुझ्याच टेबलावर. तुझी ती दुसरी चावी कुणाकडे आहे? मी विचारलं तेव्हा तू म्हणालास ड्रॉवरमध्ये आहे. अरे, ड्रॉवरमध्ये असून काय उपयोग तिचा!

बरं राहू दे. या विषयावर लिहायचं नाही असं ठरवून बसले होते.

तू पाठवलेले फोटो बघितले सगळे. बॅडमिंटनचा तो ग्रुप फोटो बाबांनी मोठा करून करून बघितला, कोण कुठला ते मला विचारत होते, जसं काही मला माहितेय. तू त्यात मागे उभा आहेस आणि हसतोयस, फोटोसाठी हसतात तसं नाही, खरं. फार बरं वाटलं. दर गुरुवारी जातोस हेही मला आवडलं, कारण ठरलेला वार असला की माणूस जातो, "कधीतरी भेटू" म्हटलं की कुणी भेटत नाही. आणि ते खालच्या मजल्यावरचे आजोबा, ज्यांचं कुत्रं तुला बघून जिना चढून येतं, आणि बसचा ड्रायव्हर, तू धावत येताना दिसलास की थांबतो तो. हे सगळं तू इतक्या सहज सांगतोस की जणू काहीच नाही. मला विचारशील तर तू तिकडे रुळलास याची पहिली खूण माझ्यासाठी तुझी नोकरी नव्हतीच, त्या ड्रायव्हरने तुला ओळखलं ही होती.

जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन या दोघींनी 2014 मध्ये एक अभ्यास छापला होता, कॉफीच्या दुकानातला. काही लोकांना सांगितलं की पटकन काम उरकून निघा आणि काहींना सांगितलं की काउंटरवरच्या माणसाकडे बघून हसा, दोन शब्द बोला. जे बोलले ते जास्त खुश होऊन बाहेर पडले. किती साधी गोष्ट आहे! त्यामुळे कानात ते हेडफोन घालून जिना उतरत जाऊ नकोस. आजोबा भेटले की थांब दोन मिनिटं, कुत्र्याचं काय चाललंय विचार.

आणि खरं सांगू, ते आजोबा दिवसभर घरीच असतात ना? मग चावी त्यांच्याकडे द्यायला काय हरकत आहे. आलंच बघ परत.

तू म्हणशील आई, अशी कुणालाही चावी देतात का. नाही देत, बरोबर आहे तुझं, माणूस पारखून घ्यावा. पण पारखायला तरी वेळ द्यावा लागतो ना. यावर पण कुणीतरी मोजमाप केलंय, मला वाचताना तूच आठवत होतास. कॅन्सस युनिव्हर्सिटीतले जेफ्री हॉल, त्यांचा 2018 चा अभ्यास. नुकतेच नव्या ठिकाणी राहायला गेलेल्या लोकांना त्यांनी विचारलं की नवीन भेटलेल्या माणसाबरोबर किती वेळ घालवलात आणि नातं कुठवर आलं. तर नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण 50 तास, मित्र म्हणावं इतपत यायला 90, आणि अगदी जवळचा व्हायला 200 च्या वर. आणि ऑफिसात शेजारी बसून काम केलेले तास त्यात फारसे कामाला येत नाहीत म्हणे. एकत्र फिरणं, गप्पा, काहीतरी खेळणं, हे येतं.

मी हिशोब करून बघितला. गुरुवारचे तुझे दोन तास धरले तर 50 तासांना सहा महिने लागतात आणि 200 तासांना जवळजवळ दोन वर्षं. म्हणजे तू जे मला म्हणालास ना, इतके दिवस झाले तरी इथे माझं असं कुणी नाही, माझ्यातच काही कमी आहे का, तर तुझ्यात काहीही कमी नाहीये बाळा, तास कमी पडतायत एवढंच. खेळ झाला की तू लगेच बॅग उचलून निघतोस, तेवढं करू नकोस. ते लोक मागे रेंगाळतात ना, तू पण रेंगाळ. घरी लवकर येऊन करायचंय काय, आमचाच तर फोन लावतोस.

हे लिहून माझंच मन दुखलं. तुझा फोन येऊ नये असं कुठल्या आईला वाटेल. तू रोज फोन करतोस म्हणून माझी मैत्रीण मला नशीबवान म्हणते आणि मी आहेच. पण कधीकधी तू तासभर बोलतोस आणि माझ्या लक्षात येतं की अख्ख्या दिवसात तू आमच्याशीच बोलला आहेस. मग मला फोन नकोसा होतो. म्हणजे हवा असतो, पण त्या तासात तू तिकडे कुणाबरोबर असतास तर जास्त बरं झालं असतं असं वाटतं. कळतंय का मी काय म्हणतेय ते?

फार लेक्चर झालं ना. सॉरी. बाबा पण म्हणतात, तू पत्र लिहितेस का सर्क्युलर काढतेस.

मावशीचं सांगते तुला. तुला माहितेयच ती माझी सख्खी बहीण नाही, पण कशी भेटली ते बहुतेक कधी नीट सांगितलं नाही. नोकरीला लागले तेव्हा मी ज्या खोलीत राहायला गेले तिथे ती आधीपासून होती आणि आमचं अजिबात जमायचं नाही. तिला पहाटे उठून दिवा लावायची सवय आणि मला रात्री वाचायची. फोन नव्हता जवळ, आजीचं पत्र यायला आठवडा जायचा, त्यात लिहिलेलं दुखणं पत्र येईपर्यंत बरं झालेलं असायचं. मला कावीळ झाली त्याच पावसाळ्यात. आणि ही बाई, जी माझ्याशी धड बोलत नव्हती, तिने ऑफिसला सुट्टी टाकली. रात्री उठून माझा श्वास चालू आहे ना बघायची, मला जाग यायची तर म्हणायची, झोप, मी पाणी प्यायला उठले होते. आजीला तिनेच पत्र लिहिलं, माझ्या नकळत, आणि त्यात काय लिहिलं होतं ते आजीने शेवटपर्यंत सांगितलं नाही, फक्त त्यानंतर तिच्या प्रत्येक पत्रात दोघींची नावं असायची. तू झालास तेव्हा आजीच्या आधी ती पोचली होती दवाखान्यात. तुझं ते निळं दुपटं तिने आणलेलं.

आता ती काही माझ्यासारखी नव्हतीच. आवडीनिवडी जुळल्या म्हणून झाली नाही मैत्री, एका खोलीत होतो म्हणून झाली. म्हणून म्हणते, तिकडे आपल्यासारखं बोलणारं, आपल्यासारखंच कुणीतरी शोधत बसू नकोस. मिळालं तर छानच. पण शेजारी जे आहे ते पण बघ.

आणि तू जे म्हणालास, मी काय लहान आहे का होमसिक व्हायला. अरे, यात लहान मोठं काही नसतं. 1688 साली योहान्स होफर नावाच्या एका तरुण डॉक्टरने बासेलमध्ये अख्खा प्रबंध लिहिला होता, घरापासून लांब राहणाऱ्यांच्या या दुखण्यावर. झोप लागत नाही, भूक जाते, अंगात ताप राहतो, सारखं घर डोळ्यासमोर. तेव्हा तो आजार समजत होते. आज कुणी आजार म्हणत नाही पण दुखतं ते खरंच दुखतं. सांगायला लाजू नकोस. बाबा पहिल्या पोस्टिंगला गेले होते तेव्हाची त्यांची पत्रं आहेत माझ्याकडे, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, कधीतरी दाखवेन. तू समजतोस तितके ते काही कणखर नव्हते आणि मला ते आवडायचं.

तू लहानपणापासूनच असा. चौथीत हात मोडला तेव्हा संध्याकाळपर्यंत बोलला नाहीस, डाव्या हाताने जेवायला बसलास तेव्हा आजीच्या लक्षात आलं. सगळे म्हणाले किती सोशिक आहे पोरगा. मला तेव्हाही आवडलं नव्हतं ते. तेव्हा आजी समोर बसलेली होती म्हणून कळलं. आता तुझ्यासमोर कोण बसतं जेवताना?

अमेरिकेत हार्वर्डचा एक अभ्यास 1938 पासून चालू आहे. 724 मुलांपासून सुरू केला, काही कॉलेजातली, काही बॉस्टनच्या गरीब वस्त्यांमधली, आणि त्यांच्या म्हातारपणापर्यंत त्यांच्याकडे जात राहिले, रक्त तपासत राहिले, घरच्यांशी बोलत राहिले. ऐंशीव्या वर्षी कोण ठणठणीत असेल हे पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलपेक्षा पन्नाशीतल्या नात्यांवरून जास्त चांगलं कळत होतं. तू बाबांच्या कोलेस्टेरॉलची एवढी चौकशी करतोस म्हणून मुद्दाम सांगितलं. मी तुझ्या गुरुवारची तशीच चौकशी करणार, तेव्हा चिडायचं नाही.

मला तुझा किती अभिमान वाटतो ते फोनवर बोलायला जमत नाही. एकटा गेलास, घर शोधलंस, सगळे कागद स्वतः निस्तरलेस, स्वयंपाक शिकलास, त्या कुंडीतलं रोप जगवलंस. नळ दुरुस्त केलास त्याचा व्हिडिओ बाबांनी किती जणांना पाठवला असेल. हे सगळं एकट्याने जमतं याची आता मला खात्री पटलीय. पण ज्याला सगळं एकट्याने जमतं तो मदत मागायला विसरतो, आणि मग कुणी विचारतही नाही, कारण सगळ्यांना वाटतं याचं छान चाललंय. भीती वाटते ती त्याची.

तर आता तीनच गोष्टी, मग खरंच गप्प बसते. फोनमध्ये इमर्जन्सी कॉन्टॅक्ट म्हणून तू माझा नंबर टाकलायस, तो काढू नकोस पण आधी तिकडच्या कुणाचा तरी टाक. तुला काही झालं आणि मला फोन आला तर इथे मध्यरात्र असेल आणि जाग आली तरी मी येऊन तुझं दार उघडू शकत नाही. ब्लड ग्रुप आणि पेनिसिलिनचं पण त्यातच लिहून ठेव, लॉक न उघडता दिसतं असं ताई म्हणाली. दुसरं, तुझ्या टीममधला तो मुलगा, जो पण एकटाच राहतो म्हणालास, त्याच्याशी ठरवून टाक की दोघांपैकी कुणी दिवसभर दिसलं नाही, मेसेजला उत्तर आलं नाही, तर दुसऱ्याने येऊन बेल वाजवायची. त्याच्या आईला पण बरं वाटेल. ती पण माझ्यासारखीच बसली असेल कुठेतरी फोन हातात घेऊन.

तिसरी तुला माहितेय. आजोबांकडे दे, नाहीतर त्या मुलाकडे, नाहीतर बॅडमिंटनवाल्या त्या बाई, ज्या तुला घरी सोडतात, त्यांच्याकडे. कुणाकडेही दे पण दे. मागायला संकोच वाटत असेल तर आधी त्यांचं काहीतरी काम कर, आजोबांना सामान वर आणून दे, कुत्र्याला फिरवून आण, मग सहज बोलता येतं.

पुढच्या वेळी ताप आला तर आधी त्यांना सांग, मग आम्हाला. आमचा नंबर दुसरा आला तर वाईट वाटेल का? वाटेल थोडं. पण झोप नीट लागेल.

आत्याचं डोळ्याचं ऑपरेशन बुधवारी आहे, तिला आदल्या दिवशी फोन कर. तापाचं तिच्यापाशी काढू नकोस, तिचं बीपी आधीच वर आहे. ताईशी भांडू नकोस तिने आम्हाला सांगितलं म्हणून, तिच्या जागी तू असतास तर तू पण सांगितलं असतंस. आणि बाबांना तुझ्या इन्शुरन्स कार्डाचा फोटो हवाय, दोन्ही बाजूंचा, आजच पाठव.

तुझी,
आई