गहू सोडण्याआधी

पुणे,
दि. १२ जानेवारी

प्रिय सुलभा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. माझ्या मुलीला गहू बंद केल्यावर गुण आला हे पाहून तूही पंधरा दिवसांपूर्वी पोळी सोडलीस, पोट हलके वाटू लागले, पण थकवा काही जात नाही, असे तू लिहितेस. ते वाचल्यापासून मला चैन नाही, कारण तिच्या आजाराची हकीकत मी तुला अर्धीच सांगितली होती.

ती सहा वर्षांची असताना तिचे पोट पुढे आलेले आणि हातपाय काड्यांसारखे होते. वर्षभर लोहाचे औषध देऊनही हिमोग्लोबिन वर सरकत नव्हते. पहिल्या डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा जंतांचेच औषध लिहून दिले आणि आम्हीही विश्वासाने ते देत राहिलो. अखेर मुलांच्या पोटविकारांच्या तज्ज्ञांनी रक्तातील टीटीजी नावाची, अशा आजारात वाढणारी प्रतिपिंडे तपासली, दुर्बिणीतून लहान आतड्याचे बारीक तुकडे काढून पाहिले, तेव्हा सिलिॲकचे निदान झाले. हे साधे अपचन नव्हे. गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लूटेन हे प्रथिन पोटात गेले की अशा माणसाची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते, अन्नरस शोषून घेणारे अस्तरावरचे सूक्ष्म उंचवटे झिजून सपाट होतात आणि खाल्लेले अंगी लागत नाही.

हा दोष गव्हाचा आहे हे ओळखले ते नेदरलँड्समधील विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांनी. त्यांना संशय आधीपासून होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात, युद्धामुळे उपासमार होऊन पाव मिळेनासा झाला, तेव्हा बाकीची मुले खंगत असताना ही आजारी मुले मात्र सुधारली, आणि पाव परत येताच पुन्हा आजारी पडली. १९५०मध्ये त्यांनी आपला प्रबंध सादर केला.

निदानानंतर माझ्या स्वयंपाकघरात गहू कुठे कुठे लपला आहे हे शोधण्यात महिने गेले. हिंगाची पिवळी डबी खिडकीशी नेऊन वाचली, तर बारीक अक्षरांत डिंक आणि हिंगाच्या जोडीला गव्हाचे पीठ लिहिलेले! मेतकुटात गहू, भाजणीत गहू. ज्वारी दळायला नेली, तर गिरणीवाल्याने प्रामाणिकपणे सांगितले, "वहिनी, आत्ताच गहू दळलेत, थोडं मिसळणारच." शेवटी घरघंटी घेतली, पोळपाट-लाटणे वेगळे केले. तिच्यासाठी चिमूटभर गहूसुद्धा चालत नाही आणि हे पथ्य जन्मभराचे आहे.

आता जे सांगायचे राहिले होते ते सांगते. तिला सोबत म्हणून ह्यांनीही सहा महिने गहू सोडला; त्यांना काडीचाही फरक जाणवला नाही. माझे पोट मात्र पोळी खाल्ली की फुगायचे, म्हणून मीही तपासणी करून घेतली, आणि ती निर्दोष आली. आहारतज्ज्ञ बाईंनी मला फ्रुक्टनविषयी समजावले. गहू, कांदा आणि लसूण यांत असलेली ही शर्करेची साखळी कोणाच्याच लहान आतड्यात पचत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू ती आंबवतात आणि वायू होतो. कोणाला तो जाणवतही नाही, कोणाच्या पोटात कळ येते. नॉर्वेत २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सिलिॲक नसलेल्या, पण स्वतःहून ग्लूटेन टाळणाऱ्या ५९ जणांना आळीपाळीने ग्लूटेन, फ्रुक्टन आणि यांपैकी काहीच नसलेल्या वड्या खायला दिल्या, तेव्हा एकूण पाहता त्रास ग्लूटेनने नव्हे, तर फ्रुक्टनने वाढला. मी कांदा-लसूण कमी केले. दोन पोळ्या आता सुखाने पचतात. आमच्या सासूबाईंची तऱ्हा आणखी निराळी: कपभर दुधाने त्यांचे पोट बिघडते, कारण दुधातली साखर पचवणारे लॅक्टेज त्यांच्या आतड्यात कमी आहे, पण विरजणात ती साखर बरीच मोडलेली असल्याने दही त्यांना बाधत नाही. एकाच ओट्यावर शिजलेले अन्न आणि चार पोटांच्या चार रीती! इस्राएलच्या वाइझमन संस्थेत २०१५मध्ये ८०० माणसांच्या रक्तातील साखर आठवडाभर सतत मोजली, तर एकाच पदार्थाने कोणाची साखर झपाट्याने चढली आणि कोणाची जेमतेम हलली.

म्हणून सुलभा, माझ्या मुलीचे पथ्य तुझे पथ्य असेल असे कृपा करून धरून चालू नकोस. पोळीऐवजी तू दोन्ही वेळा भात आणि मधल्या वेळी साबुदाणा खातेस, ते तर मला मुळीच पटलेले नाही. मात्र एका गोष्टीची मला खरी काळजी वाटते. तुझा थायरॉइडचा विकार प्रतिकारशक्तीच्या बिघाडातून आलेला आहे, हिमोग्लोबिनही सतत कमी असते, आणि अशा माणसांत सिलिॲक इतरांपेक्षा अधिक आढळतो. टीटीजीची तपासणी करून घेच. पण गहू बंद असताना ही प्रतिपिंडे उतरू लागतात आणि आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. तू पंधरा दिवस गहू खाल्लेला नाहीस हे डॉक्टरांना आधी सांग आणि पुन्हा किती आठवडे खाऊन मग रक्त द्यायचे ते त्यांनाच विचार. त्या काळात पोट फुगेल, त्रास होईल, हे मी जाणून आहे; तरीही एवढे कर.

गहू न घातलेल्या भाजणीचा डबा तुझ्यासाठी भरून ठेवला आहे. तो तुझा अहवाल हाती आल्यावरच पाठवीन, आधी मागू नकोस.

तुझीच,
मीना