जहांगिराची हजारी मोहर परत डोळ्यांसमोर आणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोन्याचा भाव चढला की ऑस्ट्रेलियातील पर्थ टांकसाळीच्या एक टनी नाण्याचे छायाचित्र कुठे ना कुठे छापून येते. आपल्या रविवारच्या अंकातही ते आले. ‘जगातील सर्वांत मोठे सोन्याचे नाणे’ एवढाच मजकूर खाली होता. माहिती खरी आहे, पण अर्धी आहे. अवजड सोन्याच्या नाण्यांची गोष्ट भारताशिवाय सांगताच येत नाही, आणि आपल्याकडे ती कुणी सांगत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते. म्हणून हे पत्र.

आधी पर्थविषयी. 2011 मध्ये घडवलेले हे नाणे 99.99 टक्के शुद्ध सोन्याचे आहे. व्यास सुमारे 80 सेंटिमीटर, जाडी 12 सेंटिमीटरहून थोडी जास्त, एका बाजूला कांगारू आणि दुसऱ्या बाजूला राणी एलिझाबेथ. त्यावरची दर्शनी किंमत 10 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर आहे. आतल्या सोन्याची किंमत तेव्हाच तिच्या पन्नास पटींच्या घरात होती. त्याआधी 2004 मध्ये ऑस्ट्रियाच्या टांकसाळीने 31 किलोची पंधरा नाणी काढली, 2007 मध्ये कॅनडाने 100 किलोचे नाणे काढले. ब्रिटनच्या रॉयल मिंटनेही अलीकडे 10 आणि 15 किलोची नाणी केली. इतकी मोठी नाणी नेहमीच्या दाबयंत्राखाली पडत नाहीत. सोन्याची जाड चकती ओतायची, ती यंत्राने कोरायची आणि मग कारागिरांनी हाताने घासून तिला झळाळी आणायची. रॉयल मिंटच्या 10 किलोच्या नाण्याला 400 तास लागले. बाजारात ते कुणी मोडणार नसते. टांकसाळीचा हात किती तयार आहे हे जगाला दाखवण्यासाठी ते असते, आणि ते दाखवायला माझी काहीच हरकत नाही.

पण हे दाखवणे मोगल दरबाराने चारशे वर्षांपूर्वी केले होते, तेही यंत्रांशिवाय. अकबराचा चरित्रकार अबुल फजल याने ‘ऐन-ए-अकबरी’त अकबराच्या ‘शहनशाह’ नावाच्या मोहरेचे वजन 101 तोळे, 9 मासे, 7 गुंजा असे गुंजेपर्यंत नोंदवले आहे. तिच्यावर कवी फैजीच्या ओळी होत्या. टांकसाळीत कोण काय काम करतो हेही अबुल फजल सांगतो. दारोगा सर्वांवर नजर ठेवणार, सराफ धातूचा कस पाहणार, सिक्काची सोन्याचा तुकडा दोन ठशांच्या मध्ये धरणार आणि दुसऱ्याच्या घणाच्या घावाने दोन्ही बाजू एकदम उमटणार. पोलादी ठशांवर अक्षरे कोरणाऱ्या दिल्लीच्या मौलाना अली अहमद याची तर तो तोंड भरून स्तुती करतो; असा कारागीर दुसऱ्या कुठल्या देशात नाही, म्हणतो. बादशहाच्या चरित्रकाराने टांकसाळीतल्या एका कोरक्याला नावानिशी जागा द्यावी, हे मला फार मोठे वाटते. आपल्या आजच्या नाण्यांचे ठसे कोण कोरतो, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

जहांगिराला या मोठ्या मोहरांचे वेडच होते. गादीवर येताच त्याने वजनानुसार नावे ठरवली: 100 तोळ्यांची नूरशाही, 50 ची नूरसुलतानी, 20 ची नूरदौलत, 10 ची नूरकरम. इराणच्या शाहाचा वकील यादगार अली याला 500 तोळ्यांची ‘कौकब-ए-ताली’ दिल्याची नोंद त्याने स्वतःच्या आठवणींत केली आहे. मान राखण्यासाठी, मैत्री दाखवण्यासाठी आणि आपल्या खजिन्याचा अंदाज शेजाऱ्याला देण्यासाठी ही नाणी दिली जात. त्यांतली ज्ञात असलेली सर्वांत मोठी म्हणजे हजार मोहरांच्या मोलाची. 1613 मध्ये आग्र्याच्या टांकसाळीत घडलेली. वजन जवळजवळ 12 किलो, व्यास 20 सेंटिमीटरच्या आसपास, दोन्ही अंगांनी फारसी अक्षरांची गच्च, देखणी वीण.

ही मोहर आज कुठे आहे? 1987 च्या नोव्हेंबरात ती जिनिव्हात लिलावासाठी मांडली गेली. शाहजहानची 100 मोहरांची मोहरही तेव्हा तिच्यासोबत होती. इकडे सीबीआयने चौकशी सुरू केली. पुढे काय झाले ते आपल्यासारख्यांना कधी कळले नाही, आणि मोहरही परत आली नाही. 2022 मध्ये केंद्र सरकारने पुन्हा शोध हाती घेतल्याच्या बातम्या आल्या. त्यानंतर पुन्हा शांतता. पुराणवस्तू देशाबाहेर नेण्यावर निर्बंध घालणारा कायदा 1972 चा आहे आणि अंमल 1976 पासून. त्यामुळे मोहर देशाबाहेर नेमकी कधी गेली, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. चौकशीच्या कागदांत जे काही आढळले असेल त्याचा गोषवारा लोकांसमोर ठेवायला आता कसली अडचण असावी? ज्या गोष्टीला जवळजवळ चाळीस वर्षे होत आली, तिची गुप्तता कुणाच्याच उपयोगाची नाही.

या मोहरेशी हैदराबादच्या निजाम घराण्याचे नाव जोडलेले आहे, आणि तिथेच आम्हा मराठवाड्यातल्या लोकांचा तिच्याशी संबंध येतो. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आम्ही निजामाची रयत होतो. आमच्या आजोबांच्या पिढीच्या बोलण्यात रुपया एक नव्हता: ‘हाली’ वेगळा, ‘कलदार’ वेगळा. चारमिनारचे चित्र असलेला हाली शिक्का निजामाचा, कलदार इंग्रजांचा, आणि सहा कलदाराला साधारण सात हाली हा हिशेब बाजारात प्रत्येकाच्या तोंडी. हाली रुपये विलीनीकरणानंतरही काही वर्षे चालले. त्या काळच्या संस्थानाच्या खजिन्यात आमच्या भागातल्या शेतसाऱ्याची भर होती. तेव्हा त्या खजिन्यातल्या वस्तूंचे पुढे काय झाले हे विचारायचा हक्क नांदेड-परभणीच्या माणसालाही आहे, एवढेच मी म्हणतो.

मी इतिहास शिकवत असे. मोगलांचा धडा आला की 20 सेंटिमीटर व्यासाचा पुठ्ठा कापून न्यायचो आणि ‘हे एक नाणे’ म्हणून मुलांच्या हातात द्यायचो. मुले हसायची. मग किराणा दुकानातून उसनी आणलेली 10 किलो आणि 2 किलोची वजने एकामागून एक उचलायला द्यायचो. मागच्या बाकावरचा दांडगा पोरगाही ती दोन्ही एका हातात पेलू शकायचा नाही. पुठ्ठ्याचा आकार डोळ्यांपुढे आणि भार हातात, असे दोन्ही जुळले की वर्ग गप्प व्हायचा. नंतरचे प्रश्न फार चांगले असायचे. एवढे सोने आले कुठून? ते कुणी ठोकले? ज्याला दिले त्याने त्याचे काय केले? पुस्तकातल्या सनावळीने असले प्रश्न कधी पडले नाहीत.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर दुःखाचे आहे. बहुतेक मोठ्या मोहरा आटवल्या गेल्या. शाहजहानच्या 200 मोहरांच्या एका नाण्याचा प्लास्टरमधला छाप तेवढा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. अस्सल मोहरेचा ठावठिकाणा नाही. एकोणिसाव्या शतकात कुणीतरी छाप घेऊन ठेवला म्हणून ती कशी दिसत होती हे तरी आज आपल्याला कळते.

हे सगळे जुन्या काळापुरते आहे असे समजू नये. कॅनडाच्या त्या 100 किलोच्या नाण्यांपैकी एक नाणे बर्लिनच्या बोडे संग्रहालयात मालकाने प्रदर्शनासाठी दिले होते. 27 मार्च 2017 च्या पहाटे चोर शेजारच्या लोहमार्गावरून शिडी लावून खिडकीतून आत शिरले. काचपेटी फोडून ते नाणे त्यांनी चाकगाडीवर ढकलत नेले आणि दोराने खाली उतरवले. त्या संग्रहालयाच्या नाणे विभागात पाच लाखांहून अधिक वस्तू आहेत. चोरांना त्यांतले एकच हवे होते, कारण त्याची किंमत वजनात होती. 2020 मध्ये तिघांना शिक्षा झाली, त्यांत एक त्याच संग्रहालयाचा रखवालदार होता. नाणे मात्र मिळाले नाही. ते तोडून वितळवले गेले असावे असेच सगळे मानतात. राणीचा चेहरा आणि मेपलची पाने वितळायला फार वेळ लागत नाही.

म्हणून भारतानेही सोन्याचे एखादे प्रचंड नाणे काढून या चढाओढीत उतरावे असे मी अजिबात म्हणत नाही. आपल्या 2011 च्या नाणे कायद्याने 1000 रुपयांवरच्या दर्शनी किमतीचे नाणे पाडता येत नाही, ते योग्यच आहे. माझी मागणी साधी आहे. मुंबई किंवा हैदराबादच्या सरकारी टांकसाळीने जहांगिराच्या हजारी मोहरेची हुबेहूब आकाराची प्रतिकृती करावी. वजन आणि माप नोंदलेले आहे, लिलावाच्या वेळची छायाचित्रे आहेत, फारसी मजकूर वाचणारे अभ्यासक आपल्याकडे आहेत. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिची मदत घेता येईल. धातू पितळ असो वा तांबे, वर सोन्याचा मुलामा पुरे. पितळ सोन्याच्या निम्म्याहून हलके असते. तेव्हा सोबत 12 किलोचे एक वजन साखळीने बांधून ठेवावे आणि ते मुलांना उचलू द्यावे. कुणी चोरून नेले तरी साचा शिल्लक राहील, दुसरी करता येईल.

ठेवायची कुठे? हैदराबादच्या सैफाबाद येथील जुन्या टांकसाळीत 2022 मध्ये संग्रहालय सुरू झाले आहे. ही निजामाच्या काळातली टांकसाळ, त्यामुळे पहिली जागा तीच. दुसरी प्रत मुंबईत फोर्टमधल्या रिझर्व्ह बँकेच्या नाणे संग्रहालयात. नांदेड-लातूरकडच्या शाळांच्या सहली हैदराबादला चारमिनार, गोवळकोंडा आणि सालारजंग बघायला जातातच. हुसेनसागर पाहून झाला की सैफाबाद तिथून जवळ आहे.

प्रतिकृतीखाली जो फलक लागेल त्यावर 1613, आग्रा, एवढे लिहून थांबू नये. मोहर 1987 मध्ये जिनिव्हात शेवटची दिसली, सीबीआयने चौकशी केली आणि ती अजून सापडलेली नाही, हेही स्पष्ट मराठीत, तेलुगूत आणि हिंदीत लिहावे. आमच्या खासदारांना आणि टांकसाळी चालवणाऱ्या निगमाला मी या मजकुराची पत्रे पाठवत आहे. आपल्या दिल्लीच्या प्रतिनिधीने 2022 च्या शोधाचे पुढे काय झाले एवढे जरी सांस्कृतिक मंत्रालयाला विचारले, तरी मोठे काम होईल.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, नांदेड