बायपासनंतर रुग्णाला उठवायचे कसे?

संपादक महोदय,

हृदयाच्या बायपास किंवा झडपेच्या शस्त्रक्रियेसाठी जत, आटपाडीकडचे रुग्ण सांगली-मिरजेला येतात. शस्त्रक्रिया नीट होते, डिस्चार्ज मिळतो. घरी काय करायचे ते मात्र इंग्रजी कार्डावर दोन ओळींत उरकलेले, तेही बिल भरण्याच्या गडबडीत हाती पडते.

सर्वांत जास्त चुकते ते उठवणे. छातीचे हाड उभे कापून पोलादी तारेने बांधलेले असते. ते सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात, पक्के व्हायला तीन महिने. घरचे मायेने बगलेत हात घालून ओढतात आणि नेमका तो जोड हलतो. रुग्णाने गुडघे मुडपावेत, उशी छातीशी धरावी, खांदा व कंबर एकदम वळवून कुशीवर यावे, पाय खाटेखाली सोडावेत. आधार द्यायचा तो पाठीला. अंथरूण जमिनीवर असेल तर हातावर जोर दिल्याशिवाय उठताच येत नाही. म्हणून तीन महिने खाट आणि कमोडची खुर्ची हवीच. ‘घरी खाट आहे का?’ हे डिस्चार्जआधी कुणी विचारत नाही. छातीत कट् असा आवाज, जखमेतून पाणी किंवा 100.4 च्या वर ताप आला, तर त्याच दिवशी दाखवावे.

श्वासाच्या व्यायामासाठी दिलेल्या तीन चेंडूंच्या यंत्रात कित्येक जण फुंकतात! हवा आत ओढायची असते, जागेपणी दर तासाला दहा वेळा. दुखते म्हणून रुग्ण उथळ श्वास घेतो, फुप्फुसाचा तळ मिटतो, कफ साचतो आणि न्यूमोनियाची वेळ येते. त्यामुळे वेदनाशामक गोळीनंतर अर्ध्या तासाने हा व्यायाम करावा. खोकताना उशी छातीशी घट्ट धरावी.

रोज सकाळी चहाआधी वजन करावे. एका दिवसात किलोभर वाढले तर ते अंगात साठलेले पाणी समजावे. नाडी पूर्ण मिनिटभर मोजावी. ठोके अनियमित असले की पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय फसवते. कृत्रिम झडप बसवून रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी मेथी-पालक बंद करू नये, प्रमाण तेवढे सारखे ठेवावे.

शेवटचे तीन दिवस सिस्टरने रोज यातली एकेक गोष्ट करवून घ्यावी. सिस्टर अपुऱ्या आहेत हे खरे, पण यासाठी दहा मिनिटे पुरतात. करवून घ्यायची तीही घरी सांभाळणाऱ्या माणसाकडून. सूचना ऐकतो मुलगा आणि राबते सून, असे होऊ नये. कार्ड मराठीत असावे, त्याची प्रत गावच्या उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे जावी आणि त्यावर रात्रीही उचलला जाणारा वॉर्डचा फोन नंबर असावा.

– हृदयशस्त्रक्रिया विभागातील दोन परिचारिका, मिरज