वॉटचा ठसठशीत आकडा आणि १२ व्होल्टची ओळ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत ग्राफिक्स कार्डांची तुलना येते, ती मी आवर्जून वाचते. कोणत्या कार्डाला मेमरी किती, कोणत्या गेममध्ये सेकंदाला फ्रेम किती, पंखे दोन की तीन, सगळे तक्त्यात असते. कार्ड वीज किती खाते आणि त्याला कितीपिनी कनेक्टर लागतो, हे मात्र नसते. फार तर शेवटी ‘किमान ५५० वॉटचा पॉवर सप्लाय हवा’ असे एक वाक्य. संगणक जुळवणे आणि दुरुस्त करणे हे माझे पोटापाण्याचे काम आहे. नवे कार्ड टाकल्यावर आजारी पडलेले जे संगणक माझ्या टेबलावर येतात, त्यांतल्या बहुतेकांचे दुखणे नेमके इथेच असते.

मध्यंतरी एका विद्यार्थ्याने आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड बसवलेला संगणक आणला. ब्राउझर, सिनेमा, टायपिंग सगळे सुरळीत, पण गेम सुरू झाला की थोड्याच वेळात संगणक धाडकन बंद. ना एरर, ना निळा स्क्रीन. त्याने विंडोज पुन्हा टाकून पाहिले होते, ड्रायव्हर बदलले होते, रॅमच्या पट्ट्या काढून घातल्या होत्या आणि आता कार्डच खराब आहे म्हणून ते परत करायला निघाला होता. कॅबिनेट उघडले. कार्डाच्या ८ पिनच्या सॉकेटात एक अडॅप्टर होता आणि त्याचे दुसरे टोक हार्ड डिस्कला लावतात त्या चपट्या साटा कनेक्टरात. त्या कनेक्टरचे प्लास्टिक एका कडेला तपकिरी होऊन मऊ पडले होते.

हिशेब अवघड नाही. हे कार्ड १७० वॉटचे. मदरबोर्डच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, म्हणजे किमान पंच्याण्णव वॉट वायरीतून यायला हवेत. ६ पिनचा कनेक्टर ७५ वॉटसाठी असतो, ८ पिनचा १५० साठी. साटा कनेक्टरात १२ व्होल्टच्या ३ पिना, प्रत्येकीची झेप दीड अँपिअर; सगळ्या मिळून ५४ वॉट. अडॅप्टरने प्लग बसतो, वीज वाढत नाही. असले अडॅप्टर विकायला कसे काय ठेवतात, हे मला आजवर कळलेले नाही.

पण संगणक बंद पडण्याचे खरे कारण एसएमपीएसच्या, म्हणजे पॉवर सप्लायच्या, कुशीवरच्या लेबलावर होते. वर ठसठशीत ‘५००’. खालच्या बारीक तक्त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात २५ अँपिअर. बारा गुणिले पंचवीस, म्हणजे ३०० वॉट. एसएमपीएस वेगवेगळ्या व्होल्टची वीज वेगळ्या ओळींवरून देतो; उरलेले वॉट ३.३ आणि ५ व्होल्टच्या ओळींवर मांडून आकडा फुगवलेला. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर, दोघेही जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. प्रोसेसरचे शंभरेक वॉट, कार्डाचे १७०, वर पंखे आणि डिस्क; गाडे आधीच काठावर. त्यात कार्डाचा लोड एकसारखा नसतो. क्षणार्धात तो सरासरीच्या बराच वर उसळतो आणि तेवढ्यात एसएमपीएसचे संरक्षण जागे होऊन वीज तोडते. आरटीएक्स ३०८०, ३०९० आली तेव्हा चांगल्या प्रतीचे एसएमपीएससुद्धा असे ट्रिप होत. पुढे एसएमपीएससाठीच्या २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात, ४५० वॉटच्या वरच्या आणि नवा १६ पिनी कनेक्टर असलेल्या एसएमपीएसने क्षमतेच्या दुप्पट लोड १०० मायक्रोसेकंद सोसावा, अशी अटच घातली गेली.

आता उलटी बाजू. ‘सरळ साडेआठशेचा टाक’ हा सल्ला देणारे शहाणेही कमी नाहीत. आरटीएक्स ४०६० साठी कंपनी ५५० वॉट सुचवते, पण कार्ड आहे ११५ वॉटचे. तुमचा प्रोसेसर कोणता, एसएमपीएस कसा, हे कंपनीला माहीत नसते, म्हणून ती हातचे राखून आकडा देते. मध्यम प्रोसेसर असेल, चांगल्या बनावटीचा ४५० वॉटचा एसएमपीएस असेल, त्याच्या १२ व्होल्टच्या ओळीवर पस्तीसेक अँपिअर आणि मूळची ८ पिनची वायर असेल, तर हे कार्ड त्यावर निवांत चालते. शिफारशीचा आकडा बघून धडधाकट एसएमपीएस भंगारात काढणारे मी पाहिले आहेत, जीव हळहळतो. आणि हो, एसएमपीएसवरचा ‘८० प्लस’ हा कार्यक्षमतेचा बिल्ला म्हणजे पाचशेतले चारशेच मिळणार, असे नव्हे. तो बिल्ला भिंतीतल्या प्लगमधून वीज किती जास्त ओढली जाईल ते सांगतो, बाहेर किती मिळेल ते नाही.

ज्यांच्याकडे कंपनीचा छोटा तयार डेस्कटॉप आहे, त्यांची अडचण वेगळी. त्यात एसएमपीएस लहान, कार्डासाठी वायर नाही आणि बदलायला जावे तर आकार किंवा कनेक्टर जुळत नाही. त्यांनी स्लॉटवरच भागणारे कार्ड बघावे. आरटीएक्स ३०५० चा ६ जीबीचा प्रकार ७० वॉटचा, आरएक्स ६४०० तर ५३ चे. मात्र ३०५० चा ८ जीबीचा प्रकार १३० वॉटचा आहे, त्याला वायर लागतेच. नाव एकच, गरज जवळजवळ दुप्पट! आरएक्स ६४०० स्लॉटमधल्या डेटाच्या वाटांपैकी (लेन) फक्त ४ वापरते, त्यामुळे ज्यांचा स्लॉट जुन्या, संथ पीसीआयई ३.० प्रकारचा आहे अशा बोर्डावर त्याचा वेग घटतो, हेही विकत घेण्याआधी कळलेले बरे.

म्हणून विनंती एवढीच, की यापुढच्या तक्त्यांत वॉट आणि कनेक्टर असे दोन रकाने असावेत आणि ‘किमान इतके वॉट’ याच्या शेजारी १२ व्होल्टवर किती अँपिअर हवेत तेही छापावे.

एसएमपीएस बदलणाऱ्यांसाठी आणखी एक. सुट्या वायरींचा, म्हणजे मॉड्युलर, एसएमपीएस असेल तर जुन्याच्या वायरी नव्याला लावू नका, मग त्या कितीही चपखल बसोत. कार्डाकडचे टोक ठरलेल्या मापाचे असते, एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची मांडणी कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीच्या मॉडेलगणिकही वेगळी असते. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की हार्ड डिस्क पहिल्या झटक्यालाच जाते आणि तिच्यातला डेटा माझ्या टेबलावर परत मिळत नाही.

आपली,
संगणक दुरुस्ती करणारी एक वाचक