नाव जाहीर करण्याआधीच्या पायऱ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ख्रिस्ती मंडळीत (चर्चच्या सभासदांत) शिस्तीचा प्रश्न आला की 'त्याला बाहेर काढा' ही मागणी सर्वांत आधी होते. उपासनेच्या शेवटी नाव वाचले जाते आणि संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवरून ते पेडण्यापासून काणकोणपर्यंत पोहोचते. त्या माणसाशी त्याआधी एकांतात कोणी बोललेलेच नसते. गोव्यातल्या लहान मंडळ्यांत, जिथे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, हे नुकसान भरून येत नाही.

बायबलमधल्या मत्तय १८:१५-१७ मधला क्रम सरळ आहे. आधी एकट्याने जाऊन चूक दाखवायची. ऐकले नाही तर एकदोघांना सोबत न्यायचे, मग मंडळीला सांगायचे आणि मंडळीचेही ऐकले नाही तरच परका मानायचे. गाडी अडते ती दुसऱ्या पायरीवर. सोबत नेलेले दोघे बहुधा तक्रारदाराच्याच बाजूचे असतात. खरे तर दोन्हीकडचे ऐकून काय ठरले याची साक्ष देणे हे त्यांचे काम. भेटीची तारीख, आरोप आणि त्यावरचे उत्तर त्याच दिवशी लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. आरोपही नेमका हवा. 'वागणूक बरी नाही' यावर कोणी काय उत्तर देणार? 'मंडळीच्या निधीतून घेतलेली रक्कम परत केली नाही' यावर देता येते. आरोप पाळकावर (पास्टरवर) किंवा मंडळीच्या वडिलांवर, म्हणजे कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांवर, असेल तर १ तीमथ्य ५:१९ प्रमाणे दोन-तीन साक्षीदार लागतात, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याने त्या बैठकीत बसू नये.

पुरावा मागणारा, निर्णयाशी असहमत असणारा किंवा पुन्हा पापात पडून पुन्हा क्षमा मागणारा माणूस पश्चात्तापहीन नसतो. चूक सिद्ध झाल्यावरही ती सोडायला जो नकार देतो, तोच पश्चात्तापहीन.

कॅथलिक वाचकांसाठी कॅनन (कॅथलिक चर्चच्या कायद्यातले कलम) १३४७ महत्त्वाचा आहे. निदान एकदा ताकीद देऊन सुधारण्यास पुरेसा वेळ दिल्याशिवाय बहिष्कारासारखी शिक्षा लादली तर ती वैधच ठरत नाही. शिक्षेच्या आदेशाविरुद्ध दाद मागितली की कॅनन १३५३ नुसार अंमलबजावणी थांबते. त्यासाठी आदेश देणाऱ्याकडेच आधी, दहा दिवसांच्या आत, लेखी अर्ज करावा लागतो. ही मुदत माहीत नसल्याने हक्क हातचा जातो.

एका बाबतीत मात्र एकांतातली पायरी मुळीच वापरू नये. मारहाण किंवा लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीला गुन्हेगारासमोर एकटे बसवणे क्रूरपणाचे आहे. लैंगिक अत्याचाराची पीडित व्यक्ती अल्पवयीन असेल तर पॉक्सो (बालकांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण) कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मंडळीची बैठक त्यानंतर घ्यावी.

बाहेर काढल्यावर काय बंद होते? प्रभुभोजन (उपासनेतला भाकर-द्राक्षारसाचा विधी), मंडळीतली पदे, मतदान. उपासनेत बसून वचन ऐकणे, आजारपणातल्या भेटी, मुलांची संडे स्कूल, दुकानातला व्यवहार यांना हात लावू नये. अशाला शत्रू न मानता भाऊ म्हणून बोध करा, असे २ थेस्सलनीका ३:१५ सांगते. पत्नी-मुलांशी बोलणे बंद करणे म्हणजे निव्वळ सामाजिक बहिष्कार. महाराष्ट्राने त्याविरुद्ध २०१६ चा कायदा केला. तो त्या राज्यापुरता असला तरी आपल्याला लाज वाटायला हरकत नाही. दफनाच्या वेळी तर सर्वांत जास्त घाई होते. मृत्यूपूर्वी पश्चात्तापाची काही चिन्हे दिसली असतील तर कॅनन ११८४ अंत्यविधी नाकारू देत नाही, आणि शंका असल्यास बिशपांना विचारायला सांगतो.

परतीची वाट निर्णयाच्या कागदावरच लिहिलेली असावी: किती रक्कम कधी फेडायची, कोणाची क्षमा मागायची, भेटायला कोण जाणार, फेरविचार कोणत्या महिन्यात. करिंथच्या मंडळीलाही प्रेषित पौलाने दुसऱ्या पत्रात (२ करिंथ २:६-८) शिक्षा पुरे झाली, आता क्षमा करून धीर द्या, असे कळवले होते. ज्या उपासनेत नाव वाचले, त्याच उपासनेत परत घेतल्याची घोषणा व्हावी, आणि ती त्याच पाळकाने करावी.

आपला,
मंडळीतील एक वडील, फोंडा