जुन्या ‘एक्सएलएस’चा हट्ट सोडा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ऑडिटचे दिवस आले की संस्थांना निरोप येतो, ‘माहिती एक्सेलमध्ये पाठवा, पण जुन्या एक्सएलएसमध्येच.’ एक्सएलएस म्हणजे एक्सेल २००३पर्यंतचा फाइलचा फॉरमॅट. का, म्हणून विचारलं तर ‘आमच्याकडे तेच चालतं.’ एक्सेल २००३ला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी रामराम ठोकला, तरी आमच्या वाट्याचा हा हट्ट काही सुटत नाही. मी गावच्या दूध संस्थेचं सचिवपद सांभाळते. यात नुकसान कुणाचं आणि कसं होतं, ते सांगण्यासाठी हे पत्र.

आमच्या मासिक संकलन पत्रकात एका सभासदाची एक ओळ असते. रोज सकाळ-संध्याकाळ दोन पाळ्या, प्रत्येक पाळीला लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक), दर आणि रक्कम असे पाच रकाने. ३१ दिवसांचे झाले ३१०, शिवाय सभासद क्रमांक आणि नाव. जुन्या फॉरमॅटमध्ये मावतात फक्त २५६ रकाने. नव्या एक्सएलएसएक्समध्ये १६,३८४. परिणामी २६ तारखेच्या सकाळचा दर शेवटच्या रकान्यात येतो आणि त्याच दुधाची रक्कम बाहेर पडते. त्यापुढचं सगळं दूध कागदावरून गेलंच. दुसऱ्या शीटवरची महिन्याची बेरीज या तुटलेल्या रकान्यांवरून येत असेल, तर तिथे आकड्याऐवजी एरर दिसते. ज्या बाईने पहाटे उठून धार काढली, तिच्या पाच दिवसांच्या घामाचा पुरावा असा जातो.

रंगांचंही तसंच. फॅटप्रमाणे चार-पाच छटा लावल्या असतील तर एक्सेल २००३ रंग लावण्याच्या पहिल्या तीनच अटी पाळतं. छटाही ५६ रंगांत जवळचा शोधून बदलल्या जातात. ‘समइफ्स’, ‘इफएरर’ ही सूत्रं २००७मध्ये आली, जुन्या एक्सेलला ती समजत नाहीत. आणि काही जण फाइलच्या नावापुढचं एक्सएलएसएक्स खोडून एक्सएलएस करतात! त्याने फॉरमॅट बदलत नाही, फक्त समोरच्याकडे फाइल उघडताना इशारा येतो.

नाइलाजच असेल तर मूळ फाइलला हात न लावता, आधी ‘फाइल’, ‘इन्फो’, ‘चेक फॉर इश्यूज’मधून ‘चेक कम्पॅटिबिलिटी’ चालवावं. काय गळणार ते तिथे कळतं. मगच ‘सेव्ह अ‍ॅज’ करून वेगळी प्रत काढावी. आम्ही आता पत्रक दहा-दहा दिवसांच्या तीन शीटमध्ये तोडतो. तसंही दुधाचं बिल दहा दिवसांनीच निघतं, त्यामुळे हे सभासदांनाही पटतं. ‘समइफ्स’च्या जागी ‘समप्रॉडक्ट’ वापरतो, आणि सोबत पीडीएफ जोडतो, म्हणजे रंग आणि रकाने मूळ रूपात तरी पाहता येतात.

पण ही सगळी कसरत संस्थांनीच का करायची? एक्सएलएसएक्सचं स्वरूप २००८पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. लिब्रेऑफिससारखं मोफत सॉफ्टवेअरही ते उघडतं. जुनी मशीन असलेल्या कार्यालयालाही त्यासाठी पैसे खर्चावे लागत नाहीत. माहिती मागवणाऱ्या सर्व कार्यालयांनी पुढच्या परिपत्रकात ‘एक्सएलएसएक्स किंवा ओडीएस (लिब्रेऑफिसचा फॉरमॅट) चालेल’ एवढी एक ओळ घालावी, ही कळकळीची विनंती.

आपली,
एका ग्रामीण दूध संस्थेची सचिव